पाणी आणि कणांच्या फ्लुइडाइज्ड बेडचे सिम्युलेशन: हाताच्या गणितापासून नळीतल्या पडताळणीपर्यंत

जलशुद्धीकरण केंद्रातला रॅपिड सँड फिल्टर धुताना खालून वर पाणी सोडतात. वाळूचा थर फुगतो, कण एकमेकांपासून सुटतात आणि त्यांच्यात अडकलेला गाळ वरच्या पाण्याबरोबर निघून जातो. धुण्याची ही काही मिनिटे तो फिल्टर म्हणजे द्रव आणि घन कणांचा फ्लुइडाइज्ड बेडच असतो. पावसाळ्यात कोल्हापूरच्या पंचगंगेचे पाणी गढूळ झाले की फिल्टर लवकर तुंबतात आणि धुण्याची पाळी लवकर येते. तेव्हा पाणी कमी सोडले तर गाळ थरातच राहतो, जास्त सोडले तर वाळूच गटारात जाते. जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत बॉयलरच्या पाण्यासाठी असलेल्या रेझिनच्या टाक्यांनाही हाच नियम लागू आहे, फक्त तिथे वाळूऐवजी हलके मणी असतात. या दोन्ही ठिकाणी विचारायचा प्रश्न एकच असतो: अमुक वेगाने पाणी सोडले तर थर किती उंच होईल?

हे उत्तर संगणकावर कसे काढावे याचा हा मार्ग आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे किंवा पदव्युत्तर विद्यार्थी आणि केंद्रावर काम करणारे अभियंते डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. या विषयावरचे बहुतेक तयार नमुने हवा आणि कणांच्या बेडचे असतात. ते उचलून त्यात हवेच्या जागी पाण्याची घनता आणि व्हिस्कॉसिटी (चिकटपणा) भरली की सिम्युलेशन चालते, चित्रही देखणे येते आणि थराची उंची मात्र साफ चुकते. हवेत जी बले नगण्य म्हणून सोडून देता येतात, तीच पाण्यात निकाल ठरवतात. म्हणून पुढे सॉफ्टवेअरच्या बटणांपेक्षा या बलांवरच अधिक भर दिला आहे.

आधी नळी, मग संगणक

ज्या सिम्युलेशनची पडताळणी करता येत नाही ते करण्यात अर्थ नाही. त्यामुळे पहिला नमुना असा निवडावा की तो टेबलावर उभा करता येईल. ५० मिलिमीटर आतील व्यासाची आणि सुमारे एक मीटर उंचीची पारदर्शक ॲक्रिलिक नळी घ्यावी. उद्यमनगरातल्या एखाद्या लेथवर तिची टोके काटकोनात घासून फ्लँज बसवून घेता येतात. तळाशी भोकाची चकती, तिच्यावर बारीक जाळी आणि चकतीखाली गोट्यांचा एक थर असावा, म्हणजे पाणी एका बाजूने उसळणार नाही. पाण्यासाठी छोटा टुल्लू पंप पुरतो, मात्र प्रवाह झडपेने आणि परतीच्या फाट्याने नेमका करता आला पाहिजे. रोटामीटर (प्रवाह मोजणारी नळी) लावला तरी त्यावर आंधळा विश्वास न ठेवता बादली आणि स्टॉपवॉचने त्याचे आकडे एकदा तपासून घ्यावेत.

कण म्हणून २ मिलिमीटर व्यासाचे भरीव काचेचे मणी घ्यावेत. माळेसाठीचे भोकाचे मणी चालणार नाहीत, कारण त्यांची घनता आणि ड्रॅग (पाणी आणि कण यांच्या वेगातील फरकामुळे कणावर येणारे ओढीचे बल) दोन्ही वेगळे असतात. मण्यांची घनता पुस्तकातून न घेता मोजावी: वजन केलेले मणी मोजपात्रातल्या पाण्यात टाकून पाणी किती चढते ते पाहावे. पुढच्या गणितात घनता २५०० किलोग्रॅम प्रति घनमीटर धरली आहे. स्थिर थर २०० मिलिमीटर उंच आणि त्यातील पोकळीचे प्रमाण ०.४२ असेल, तर मण्यांचे वजन सुमारे ५७० ग्रॅम आणि संख्या सुमारे ५४ हजार भरते. एवढे कण एकेक करून हिशेबात धरणे आजच्या चांगल्या डेस्कटॉपला झेपते.

सुरुवातीलाच वाळू का घेऊ नये, याचे उत्तर याच हिशेबात आहे. याच नळीत अर्धा मिलिमीटरची वाळू तेवढीच भरली, तर कणांची संख्या ३५ लाखांच्या आसपास जाते. वाळूकडे शेवटी येऊ.

कागदावरचे गणित

संगणक सुरू करण्यापूर्वी थराची उंची हाताने काढावी. या पायरीला एक तास लागतो आणि पुढचे अनेक दिवस वाचतात. पाणी २५ अंश सेल्सिअसला धरले तर त्याची घनता ९९७ किलोग्रॅम प्रति घनमीटर आणि व्हिस्कॉसिटी ०.०००८९ पास्कल-सेकंद असते. या आकड्यांवरून आर्किमिडीज संख्या काढावी. ती म्हणजे कणाच्या व्यासाचा घन, पाण्याची घनता, कण आणि पाण्याच्या घनतेतील फरक व गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार, भागिले व्हिस्कॉसिटीचा वर्ग. आपल्या मण्यांसाठी ती सुमारे १ लाख ४८ हजार येते. शिलर-नाउमान यांच्या ड्रॅगच्या सूत्रावरून एकटा मणी पाण्यात स्थिर झाल्यावर सुमारे २७.५ सेंटिमीटर प्रतिसेकंद वेगाने पडतो आणि त्याची रेनॉल्ड्स संख्या (प्रवाहातील जडता आणि चिकटपणा यांचे गुणोत्तर) ६१६ च्या जवळ असते. वेन आणि यू यांच्या सूत्राने थर सुटायला लागणारा किमान वेग सुमारे २.३ सेंटिमीटर प्रतिसेकंद मिळतो.

आता रिचर्डसन आणि झाकी यांचा १९५४ सालचा नियम लावावा: रिकाम्या नळीच्या हिशेबाने पाण्याचा वेग हा मण्याचा पडण्याचा वेग गुणिले पोकळीच्या प्रमाणाचा ठरावीक घात एवढा असतो. रेनॉल्ड्स संख्या ५०० च्या वर असल्याने घातांक २.३९ घ्यावा. नळीची भिंत जवळ असल्यामुळे पडण्याच्या वेगात जी दुरुस्ती करावी लागते, तिच्यानंतर २७.५ चे २५.१ सेंटिमीटर प्रतिसेकंद उरतात. यावरून मिनिटाला ५.९ लिटर, म्हणजे ५ सेंटिमीटर प्रतिसेकंद वेगाला थराची उंची २३६ मिलिमीटर, ९.४ लिटर, म्हणजे ८ सेंटिमीटर प्रतिसेकंदाला ३०५ मिलिमीटर, आणि ११.८ लिटर, म्हणजे १० सेंटिमीटर प्रतिसेकंदाला ३६३ मिलिमीटर मिळते.

शिवाय एक आकडा असा आहे की जो वेगावर अवलंबूनच नाही. थर एकदा सुटला की त्याच्या तळ आणि माथ्यामधील दाबाचा फरक, पाण्याचा स्वतःचा दाब वजा करून, मण्यांच्या पाण्यातील वजनाइतकाच राहतो. आपल्या थरासाठी तो १७१० पास्कल, म्हणजे पाण्याच्या साडेसतरा सेंटिमीटर स्तंभाइतका आहे. हा आकडा टेबलासमोर भिंतीवर लिहून ठेवावा, कारण तो पुढे वारंवार लागणार आहे.

मॉडेलची निवड

रूढ मार्ग दोन आहेत. पहिल्यात पाणी आणि कण हे दोन एकमेकांत मिसळलेले सलग प्रवाह मानतात; याला टू-फ्लुइड मॉडेल म्हणतात. दुसऱ्यात पाणी जाळीच्या सेलमध्ये सोडवतात आणि प्रत्येक कणाची गती न्यूटनच्या नियमाने वेगळी काढतात. याला सीएफडी-डीईएम म्हणतात; सीएफडी म्हणजे प्रवाहाचे संगणकीय गणित आणि डीईएम म्हणजे सुट्या कणांचे गणित. कणांच्या टकरींचे डीईएम तंत्र कंडल आणि स्ट्रॅक यांनी १९७९ साली मांडले, तेही मातीच्या अभ्यासासाठी. शिकण्यासाठी दुसरा मार्ग घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात गृहीतके कमी असतात आणि काय बिघडले ते एका कणाकडे पाहून शोधता येते. टू-फ्लुइड मॉडेलमध्ये मात्र कणांचा दाब, कणांची व्हिस्कॉसिटी अशा राशी मध्ये येतात आणि दोष नेमका कशाचा हे कळत नाही.

सॉफ्टवेअरसाठी पैसे मोजण्याची गरज नाही. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या प्रयोगशाळेचे एमफिक्स मोफत मिळते आणि त्यात दोन्ही मार्ग आहेत. प्रवाह सोडवणाऱ्या ओपनफोमला कणांसाठीचे लिग्ट्स जोडून चालणारी सीएफडीईएम ही जोडणीही विद्यापीठांत बरीच वापरली जाते. नवख्याने एमफिक्सपासून सुरुवात करावी, कारण त्यात खिडक्या आणि मेनू आहेत. ज्याला लिनक्सची सवय आहे आणि बलांची सूत्रे स्वतः तपासायची आहेत, त्याने दुसरी वाट घ्यावी.

जाळी, वेळेची पावले आणि मण्यांचा कडकपणा

सीएफडी-डीईएममध्ये पाण्याचा सेल मण्यापेक्षा मोठा असावा लागतो. सेलमधल्या पोकळीचे सरासरी प्रमाण काढायचे असते आणि सेल मण्याएवढाच असेल तर ते प्रमाण क्षणाक्षणाला शून्याकडे झेपावते. मण्याच्या व्यासाच्या तिप्पट, म्हणजे ६ मिलिमीटरचा सेल घ्यावा. त्यामुळे नळीच्या आडव्या छेदात जेमतेम आठ सेल बसतात. हे कमी आहेत, पण थराच्या सरासरी उंचीसाठी पुरतात. भिंतीलगतच्या वेगाचा बारीक अभ्यास करायचा असेल तर नळी मोठी घ्यावी लागेल. जाळी बारीक करून तो प्रश्न सुटत नाही. सिम्युलेशनमधली नळी ६०० मिलिमीटर उंच पुरे. तळाशी सर्वत्र सारखा वेग, माथ्यावर ठरावीक दाब आणि भिंतीवर पाण्याचा वेग शून्य अशा बाउंड्री कंडिशन द्याव्यात.

मण्यांच्या टकरींसाठी वेळेचे पाऊल फार लहान लागते. काचेचा खरा यंग मोड्युलस (कडकपणाचे माप) सुमारे ७० गिगापास्कल असतो. तो तसाच दिला तर रॅले वेळ (टकरीची लाट मण्याच्या पृष्ठभागावरून पसरायला लागणारी वेळ) एका मायक्रोसेकंदाच्या आसपास येते आणि पाऊल तिच्या पाचव्या हिश्शाइतके ठेवावे लागते. हे कोणालाच परवडत नाही. म्हणून मणी मुद्दाम मऊ मानतात. मोड्युलस १० मेगापास्कल घेतला तर रॅले वेळ सुमारे ८५ मायक्रोसेकंद होते आणि १० मायक्रोसेकंदांचे पाऊल निर्धास्त चालते. मणी फार मऊ झाले का, हे टकरीतल्या दबण्यावरून ओळखावे: १० सेंटिमीटर प्रतिसेकंद वेगाने दोन मणी आदळले तर या मोड्युलसला ते सुमारे ०.०११ मिलिमीटर, म्हणजे व्यासाच्या अर्ध्या टक्क्याहून थोडे अधिक दबतात. एक टक्क्याच्या आत असले की पुढे जावे.

मण्यांची ५० पावले झाली की पाण्याचे एक पाऊल, म्हणजे ०.५ मिलिसेकंद, असा मेळ घालावा. २० सेकंदांचे सिम्युलेशन म्हणजे मण्यांची २० लाख पावले होतात. रिस्टार्ट फाइल सिम्युलेशनच्या प्रत्येक सेकंदाला लिहिली जाईल अशी सोय आधीच करावी, कारण वळवाच्या पावसात वीज जाण्याची वेळ आपल्या सोयीने ठरत नाही.

पाण्यातली बले

इथे घाई करू नये. पहिले बल प्लावक बल, म्हणजे पाण्याने कणाला वर ढकलणारे बल. हवेत ते विसरले तरी कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण काचेच्या घनतेपुढे हवेची घनता दोन हजारांश भागाहून कमी असते. पाण्यात मात्र २५०० मधून ९९७ जातात आणि १५०३ उरतात. गोंधळ होतो तो असा: काही सॉल्व्हर पाण्याच्या दाबात पाण्याच्या स्वतःच्या वजनाचा दाब धरतात, काही तो वगळून उरलेलाच दाब सोडवतात. दाबात तो धरला असेल तर दाबाच्या उतारामुळे कणावर येणाऱ्या बलातच प्लावक बल आपोआप येते आणि वेगळे देण्याची गरज नसते. तो वगळला असेल तर आर्किमिडीजचे बल वेगळे जोडावेच लागते. दोन्ही एकदम चालू राहिली तर प्लावक बल दोनदा मोजले जाते आणि १५०३ च्या जागी ५०६ उरतात. मणी पिसासारखे वागतात आणि थर नळीबाहेर जाऊ पाहतो. हीच गफलत रेझिनच्या मण्यांबाबत झाली, ज्यांची ओली घनता १२०० ते १३०० च्या दरम्यान असते, तर हिशेबातले वजन ऋण होते आणि मणी पंप बंद असतानाही वर तरंगू लागतात.

यावर एक साधी परीक्षा आहे आणि ती टाळू नये. नळीत स्थिर पाणी ठेवावे, एकच मणी सोडावा आणि त्याचा वेग पाहावा. अर्ध्या सेकंदाच्या आत तो २७.५ सेंटिमीटर प्रतिसेकंदाला स्थिरावला पाहिजे. जास्त वेग आला तर प्लावक बल राहून गेले आहे, बराच कमी आला तर ते दोनदा आले आहे. या परीक्षेला काही मिनिटे लागतात आणि ५४ हजार मण्यांचे उत्तर हाती येईपर्यंत थांबून तीच गफलत शोधण्याचा त्रास वाचतो.

दुसरे बल ड्रॅग. थराची उंची बहुतांशी तेच ठरवते, म्हणून त्याचा परिणाम आकड्यांतच पाहू. आपल्या मण्यांसाठी ८ सेंटिमीटर प्रतिसेकंद वेगाला रिचर्डसन-झाकी ३०५ मिलिमीटर उंची देतात. त्याच वेगाला वेन-यू यांचे १९६६ सालचे ड्रॅगचे सूत्र ३३३ मिलिमीटर देते. अर्गन यांचे १९५२ सालचे सूत्र वापरले तर हीच उंची ४६६ मिलिमीटर येते. यात अर्गन यांच्या सूत्राचा दोष नाही. ते दाबून भरलेल्या स्थिर थरासाठी केलेले आहे आणि ०.६५ पोकळीच्या मोकळ्या थरावर ते लावणे हीच चूक आहे. अडचण अशी की गिडास्पो या नावाने बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आढळणारा पर्याय पोकळी ०.८ पेक्षा कमी असेल तिथे सगळीकडे अर्गनच वापरतो. हवेच्या बेडसाठी लिहिलेल्या नमुन्यांत तो आधीच निवडलेला असतो. पाण्याच्या थरासाठी तो बदलून वेन-यू किंवा डी फेलिचे यांचा १९९४ सालचा पर्याय घ्यावा. या दोहोंची पाळेमुळे द्रवातल्या थराच्या प्रसरणाशी जोडलेली आहेत, त्यामुळे त्यांच्याकडून सुरुवात करणे रास्त आहे.

ड्रॅगच्या बाबतीत आणखी एक खाचखळगा आहे. समीकरणांची दोन रूपे प्रचलित आहेत. एकात दाबाचा उतार पाणी आणि कण यांच्यात वाटून दिलेला असतो, दुसऱ्यात तो पूर्णपणे पाण्याकडे असतो. दोन्ही बरोबर आहेत, मात्र दुसऱ्या रूपातील ड्रॅगचा गुणांक पहिल्यातल्या गुणांकाला पोकळीच्या प्रमाणाने भागून मिळतो. एका रूपाचा गुणांक दुसऱ्यात घातला तर पोकळी ०.६५ असताना ड्रॅग दीडपट किंवा दोन-तृतीयांश होतो. सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेत हे कुठे ना कुठे लिहिलेले असते. ते पान शोधून काढावे.

तिसरे बल वाढीव वस्तुमानाचे. मणी वेग बदलतो तेव्हा त्याला भोवतालचे पाणीही ढकलावे लागते आणि हे पाणी मण्याच्या निम्म्या आकारमानाएवढे धरतात. काचेसाठी याचा अर्थ मण्याची जडता २० टक्क्यांनी वाढते. थराच्या सरासरी उंचीवर याचा परिणाम फारसा नसतो, पण प्रवाह अचानक वाढवला किंवा थरात वर सरकणाऱ्या पोकळीच्या लाटा पाहायच्या असल्या तर हे बल चालू ठेवावे.

टकरींबाबत एकच मुद्दा. दोन मणी जवळ येताना मधले पाणी बाहेर पिळले जाते आणि टक्कर मऊ होते. हे किती होते ते स्टोक्स संख्येवरून (मण्याची जडता आणि पाण्याचा चिकटपणा यांच्या गुणोत्तरावरून) कळते आणि ती १० च्या खाली गेली तर मणी उसळतच नाहीत. आपले मणी ५ सेंटिमीटर प्रतिसेकंद वेगाने भिडले तर ती ३१ च्या आसपास असते. म्हणून कोरड्या काचेचा ०.९ च्या वरचा प्रत्यानयन गुणांक (टकरीनंतर उरणाऱ्या वेगाचे प्रमाण) तसाच न ठेवता निम्म्याच्या आसपास आणावा आणि तो थोडा कमी-जास्त करून उंचीवर परिणाम होत नाही याची खात्री करून घ्यावी.

सिम्युलेशन चालवणे आणि वाचणे

आधी पाणी बंद ठेवून मणी नळीत ओतावेत आणि ते पूर्ण स्थिर होऊ द्यावेत. थर २०० मिलिमीटरच्या आसपास बसला का ते पाहावे. मग पाण्याचा वेग एकदम न देता दोन-तीन सेकंदांत चढवत न्यावा. एकदम दिला तर सगळा थर दट्ट्यासारखा उचलला जातो आणि फुटायला उगाच वेळ घेतो. पहिले दहा सेकंद सोडून द्यावेत आणि पुढच्या दहांची सरासरी घ्यावी.

पहिली नजर उंचीकडे नको, दाबाकडे हवी. ५, ८ आणि १० या तिन्ही वेगांना १७१० पास्कल मिळाले पाहिजेत. ओपनफोमचे काही सॉल्व्हर दाबाला घनतेने भागून ठेवतात, तिथे १.७ च्या जवळचा आकडा दिसला तर तो ९९७ ने गुणावा आणि निर्धास्त व्हावे. आकडा वेगाबरोबर बदलत असेल तर मणी कुठून तरी निसटत आहेत किंवा बलांची बेरीज जुळत नाही. एकूण मण्यांची संख्या सुरुवातीला आणि शेवटी मोजून पाहणे हा यावरचा सोपा इलाज आहे.

थराची उंची म्हणजे सर्वांत वरच्या मण्याची उंची नव्हे. एखादा मणी नेहमीच वर भटकत असतो. नळीच्या उंचीबरोबर दाब कसा बदलतो त्याचा आलेख काढावा. थरात तो तिरका आणि थराच्या वर सपाट दिसतो. दोन रेषा जिथे मिळतात ती उंची घ्यावी. प्रत्यक्ष नळीतही मॅनोमीटरच्या नळ्या लावून हीच पद्धत वापरावी, म्हणजे दोन्हीकडचे माप एकाच व्याख्येचे होते.

नळीतल्या प्रयोगाआधी मणी रात्रभर पाण्यात भिजवून ठेवावेत, कारण त्यांना चिकटलेले हवेचे बुडबुडे घनता खोटी ठरवतात. पाण्याचे तापमान प्रत्येक वेळी नोंदवावे. प्रवाह वाढवत नेताना आणि पुन्हा कमी करत आणताना अशा दोन्ही दिशांनी उंची मोजावी. सिम्युलेशनची उंची प्रयोगाच्या पाच-सात टक्क्यांत आली तर काम चांगले झाले असे समजावे. तशी आली नाही तर दिसेल तो आकडा फिरवत बसू नये. आधी एकट्या मण्याची परीक्षा, मग दाबाची, मग ड्रॅगचा पर्याय, हाच क्रम ठेवावा. ड्रॅगला एखाद्या गुणकाने गुणून उंची जुळवता येते, पण तो गुणक एकाच वेगाला जुळवून बाकीच्या वेगांना तपासला नाही तर त्याला काही किंमत नाही.

वाळूकडे वळताना

मण्यांचा नमुना जुळला की वाळू घ्यावी. ती चाळून मोजण्याची सोय कोल्हापुरात दूर नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत साच्याच्या वाळूसाठी चाळण्यांचे शेकर असतात आणि ओळखीने एखादा नमुना चाळून मिळतो. ३५ लाख कणांसाठी टू-फ्लुइड मॉडेल घ्यावे किंवा अनेक कणांचा एक मोठा कण मानणारी पार्सलची पद्धत वापरावी. प्लावक बल आणि ड्रॅगबद्दल वर जे लिहिले ते दोन्हींना तसेच लागू आहे. वाळूच्या कणांत १ सेंटिमीटर प्रतिसेकंदाच्या टकरीची स्टोक्स संख्या दोनपेक्षाही कमी असते, त्यामुळे उसळी जवळजवळ नसते आणि प्रत्यानयन गुणांक कमी ठेवला तरी चालते.

अर्धा मिलिमीटरच्या, २६५० घनतेच्या वाळूसाठी हाताचे गणित पुन्हा करावे आणि त्यातली एक गंमत ध्यानात ठेवावी. थर सुटण्याचा किमान वेग वेन-यू यांच्या सूत्राने सेकंदाला २.७ मिलिमीटर, अर्गनच्या सूत्राने ०.४२ पोकळी धरून ३.७ आणि रिचर्डसन-झाकींचा नियम तेवढ्याच पोकळीपर्यंत ताणला तर ५.२ मिलिमीटर येतो. दाबून बसलेल्या थराजवळ अर्गनवर विश्वास ठेवावा, फुगलेल्या थरात रिचर्डसन-झाकींवर. सिम्युलेशनकडून या दोन टोकांत एकाच सूत्राने अचूक उत्तराची अपेक्षा करू नये.

वाळूवर तापमानाचा परिणाम ठळक असतो. २०० मिलिमीटरचा हाच वाळूचा थर सेकंदाला २ सेंटिमीटर वेगाच्या पाण्यात २० अंशांना सुमारे ३३९ मिलिमीटरपर्यंत फुगतो आणि ३० अंशांना ३१५ पर्यंतच, कारण एवढ्या फरकात पाण्याची व्हिस्कॉसिटी एक-पंचमांशाने उतरते. मे महिन्यात ठरवलेला धुण्याचा प्रवाह डिसेंबरच्या पहाटे वापरला तर थर अधिक उंच जातो. त्यामुळे फिल्टरमधली धुण्याचे पाणी वाहून नेणारी पन्हळ वाळूच्या किती वर आहे, ते थंड पाण्याच्या सिम्युलेशनवरून तपासावे आणि गाळ निघण्याइतका प्रवाह आहे का, ते उन्हाळ्यातल्या पाण्यावरून. खरी वाळू एका मापाची नसते. धुताना बारीक कण वर आणि जाड कण खाली जातात. म्हणून चाळणीच्या आकड्यांवरून किमान तीन मापांचे कण वेगळे द्यावेत आणि वाळू वाहून जाते का हे पाहताना सरासरी व्यासाचा विचार न करता सर्वांत बारीक मापाच्या कणांवर नजर ठेवावी.